समोर पी दिसत होता

आई आणि बाबा बाजारातून परत आले तेव्हा मी वरच्या मजल्याच्या खिडकीत केस विंचरत उभी होते. त्यामुळे मी सगळं पाहिलं असणार असं लोक धरून चालतात. मी काहीही पाहिलं नाही. गाडी फाटकातून आत आली, घरासमोरच्या चढावर थांबली, बाबा उतरले आणि डिकीतून पिशव्या काढायला मागे गेले, एवढं पाहिलं. मग कंगव्यात गुंता अडकला म्हणून मान वळवली. पुढचं मी फक्त ऐकलं. आधी पिशवी पडल्याचा आवाज, मग बाबांचा, आणि मग आईचा. आईचा तो आवाज मी जन्मात कधी ऐकला नव्हता.

अनवाणीच खाली धावले. बाबा फाटकाच्या खांबाला टेकून बसल्यासारखे पडले होते आणि त्यांचा उजवा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला वळला होता. गाडीने मागे सरकून त्यांना खांबाशी दाबलं होतं; आईने परत आत चढून गाडी पुढे घेतली होती म्हणून ते सुटले तरी. ती स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती आणि एकच घोकत होती.

"मी पी लावला होता. मी पी लावला होता गं. समोर पी दिसत होता."

ज्यांनी ऑटोमॅटिक गाडी चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. मी ड्रायव्हिंग शिकवते, गल्लीत मला मास्तरीणच म्हणतात, त्यामुळे समजावून सांगायची खोड आहे, सहन करा. या गाडीत क्लच नसतो. मधला दांडा चार जागी जातो. पी म्हणजे पार्किंग, गाडी जागच्या जागी जखडलेली. आर म्हणजे मागे, एन म्हणजे मोकळी, डी म्हणजे पुढे. गाडी ज्यात असेल ते अक्षर स्टिअरिंगमागच्या काचेत उजळतं. पी दिसला की उतरायचं. वर हँडब्रेकही लावायचा, असं मी शिकवते. आमच्या घरात तो कुणी लावत नाही, मीसुद्धा नाही, कारण पी असताना गाडी हलतच नाही.

आणि गाडी तर हलली होती. म्हणजे पी नव्हता. म्हणजे आई विसरली. हा हिशेब रुग्णवाहिका यायच्या आत आमच्या सगळ्यांच्या डोक्यात मांडून झाला होता.

माझा थोरला भाऊ, दादा, गिअरबॉक्सचं काम करतो. बाबांनी उभं केलेलं गॅरेज आता तोच चालवतो. गल्लीत त्याला डॉक्टर म्हणतात, कारण गाडीखाली शिरला की आधी बराच वेळ तो नुसता कान देऊन पडून असतो. त्याच गॅरेजच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर आमच्या आईने आयुष्य काढलं. डोळे मिटून नट हातात दिला तर कुठल्या मापाचा ते सांगणारी बाई. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा दादानेच तिला ही जुनी ऑटोमॅटिक घेऊन दिली. डाव्या पायाला काम नको म्हणून. त्या गाडीवर तिचा भारी जीव. बाबांना डॉक्टरकडे, मावशीला स्टेशनवर, शेजारणीला बँकेत, जिथे तिथे आई आणि तिची गाडी. बाबा म्हणायचे, लग्नात एवढा चेहरा खुलला नव्हता हिचा.

त्या संध्याकाळी ऑपरेशनच्या दाराबाहेर ती दादालाही तेच म्हणाली. "मी पी लावला होता रे. मी बघून उतरत होते."

"हो हो, आई," दादा म्हणाला. "तू शांत हो आधी."

ते 'हो हो' मला अजून ऐकू येतं. मीही तसंच म्हणत होते. आजारी माणसाला म्हणतात ना, तसं.

आईला आमच्या तोंडावरची माशीसुद्धा कळते. तिला कळलं. दोन-तीन दिवसांनी कुणी विचारलं की ती म्हणायला लागली, "मला वाटतं, लावला होता." पुढच्या आठवड्यात, "लावला असेल असं वाटत होतं, पण काय सांगावं." आणि बाबांना खोलीत हलवल्यावर मावशी भेटायला आली तेव्हा आई स्वतःहूनच म्हणाली, "आरवरच राहिली गं गाडी. डोकंच चालत नाही हल्ली." मावशीने तिचा हात थोपटला. मीही तिच्या पाठीवरून हात फिरवला. चला, आईने मान्य केलं, असं वाटून मला चक्क हायसं वाटलं होतं. कसली मुलगी म्हणायची मी?

बाबांना वाटायचं, विनोद केला की तिचं ओझं हलकं होईल. मांडीत लोखंडी सळई घालून घेतलेला माणूस नर्सला म्हणायचा, "आमच्या हिने एवढ्या वर्षांचा राग एका रिव्हर्समध्ये काढला हो." नर्स हसायच्या. आई पण हसायची. मग बाहेर येऊन बाकावर बसून राहायची.

घरात तिचं वागणंच बदललं. गॅस बंद केला का ते बघायला ती स्वयंपाकघरात परत परत जायची. एकदा मला म्हणाली, "तूच बंद कर बाई, मी हात लावत नाही." दाराला कुलूप मी लावायचं, इस्त्री मी करायची. शेजारणीचा नातू खेळायला आला तर ही उठून दुसऱ्या खोलीत जायची, माझ्या भरवशावर पोर नको म्हणून. विसरभोळेपणा तपासणाऱ्या डॉक्टरची वेळ घेतली ती तिनेच. मी घेतली नाही, हे माझं नशीब. आणि एका सकाळी चावी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "विकून टाक. डोळ्यांसमोर नको."

गाडी घराच्या बाजूला तशीच उभी होती. मागच्या बंपरला छोटासा पोचा, बाकी काही नाही. मी ती जुन्या गाड्या घेणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे घेऊन निघाले. त्याचं दुकान चढावर. दुकानासमोर गाडी थांबवली, ब्रेक दाबून ठेवला, दांडा पुढे सारून पीला नेला, समोर पाहिलं. पी. स्वच्छ, हिरवा, ठसठशीत. ब्रेकवरचा पाय काढला, गाडी उभी. इंजिन चालूच ठेवलं, त्याला आवाज ऐकवायचा होता. दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला.

आणि दुकानाची पाटी पुढे सरकायला लागली.

पाटी कशी सरकेल, असं मनात आलं आणि त्याच क्षणी कळलं. सरकत होते मी. गाडी मला घेऊन मागे चालली होती. बाहेरचा पाय रस्त्यावर घासत होता. कशी आत पडले, कसा ब्रेक दाबला, काही आठवत नाही. मागून येणारा एक स्कूटरवाला शिव्या घालत बाजूने गेला. मी मागे वळून पाहिलं नाही. मी काचेकडे पाहत होते.

पी. तसाच. हिरवा.

ब्रेक सोडायची हिंमत होईना, आणि सोडल्याशिवाय खात्रीही होईना. मागे कुणी नाही हे पाहून ब्रेक हळूहळू सोडला. सरकली. परत दाबला. दांडा डीला नेऊन पुन्हा पीला आणला, सोडला. या खेपेला कट्ट आवाज आला आणि गाडी गच्च अडकली. पुन्हा केलं, सरकली. पुन्हा केलं, अडकली. समोर मात्र प्रत्येक वेळी पीच. व्यापारी बाहेर येऊन म्हणाला, "ताई, काय झालं? गाडी दाखवायची ना?" मी मान हलवली आणि तिथूनच गाडी गॅरेजकडे वळवली. वाटेत माझं मलाच ऐकू आलं, मी मोठमोठ्याने बोलत होते. आई खरं बोलत होती. आई खरं बोलत होती.

दादा एका गाडीच्या पोटात डोकं घालून होता. मी म्हटलं, "दादा, मी पी लावला. समोर पी दिसत होता. गाडी सरकली."

त्याने हात पुसत माझ्याकडे पाहिलं. "नीट लावला नसशील."

"काय म्हणालास?"

"अगं, घाईत होतं असं कधीकधी. तू आईच्या काळजीत आहेस..."

मी नाही म्हटलं तरी चिडकी आहे, पण तेव्हा चिडसुद्धा आली नाही. मी सुन्न झाले. मला गाडी शिकवता येते, मला अक्षर वाचता येतं, माझ्या पायाची साल निघाली होती, आणि एका वाक्यात मला वाटलं, खरंच, नीट लावला नसेन का? आईने हे दिवसभर ऐकलं, रोज, आम्हा सगळ्यांकडून.

"वर घे," मी म्हटलं. "आत्ता. ती उतरव आणि ही वर घे."

माझा आवाज ऐकून त्याने आधीची गाडी उतरवली. गाडी लिफ्टवर चढली, आम्ही दोघं खाली उभे राहिलो. दांडा मी आधीच पीला लावून ठेवला होता. दादाने हातातला दिवा गिअरबॉक्सच्या कुशीला धरला. काम सुरू झालं की त्याचा आवाज बदलतो, तो आपोआप समजावून सांगायला लागतो. खोड घराण्यातलीच.

"हे बघ. वर तू दांडा हलवतेस, तो या केबलला ओढतो. केबलच्या टोकाला हा छोटा हात आहे, तो फिरला की ही जाड सळी फिरते. सळी गिअरबॉक्सच्या आत जाते. पूर्ण या बाजूला फिरली की आत एक लोखंडी दात दातेरी चाकात जाऊन बसतो. तोच पी. बाकी काही नाही, एक दात आणि एक चाक."

"मग?"

त्याने केबलचं टोक बोटाने हलवलं. ते खळखळ हललं. "टोकातलं प्लास्टिक झिजलंय. फुटलंयच. त्यामुळे वर दांडा पूर्ण जातो, पण खाली हा हात जरासा मागे राहतो. दात चाकाच्या तोंडाशी येऊन थांबतो. कधी आत पडतो, कधी नुसता टेकलेला राहतो. इंजिन थरथरलं, नाहीतर उतार लागला, की सुटला."

"पण अक्षर? अक्षर पी कसं दाखवतंय? दांडा पीला आहे म्हणून?"

"अक्षराला दांड्याशी काही घेणं नाही," दादा म्हणाला. "अक्षर याच्याकडून येतं." त्याने दिवा थोडा सरकवला. तळहाताएवढी काळी चपटी डबी त्या सळीवर बसवलेली होती, सळी तिच्या मधल्या भोकातून आत गेली होती. "हा सेन्सर. सळी फिरली की याच्या आतली कडी फिरते, आणि सळी किती फिरली ते हा वर कॉम्प्युटरला कळवतो. एवढी फिरली तर पी, एवढी तर आर. त्यावरच सगळं चालतं. आर म्हटला की मागचा पांढरा दिवा लागतो. पी किंवा एन म्हटला तरच स्टार्टर फिरू देतात, एरवी नाही. गाडी गिअरमध्ये असताना चालू होऊन पळू नये म्हणून."

"मग हा खोटं बोलतोय."

"हा कसला खोटं बोलतो? याला डोकं आहे का? सळी जिथे आहे ते सांगतो. सळी पीला पोचली नसेल तर हा पी म्हणणारच नाही, आणि गाडी चालूच होणार नाही. फक्त याला बसवताना नीट बसवायला हवा. गिअरबॉक्स एनला ठेवायचा, याच्यावरची ही रेघ त्या खाचेसमोर आणायची, आणि मग हे दोन बोल्ट..."

तो थांबला.

बोल्टची भोकं लांबट होती, डबी थोडी इकडेतिकडे फिरवता यावी म्हणून. दोन्ही बोल्टांच्या माथ्यावर पान्याचे ताजे चकचकीत ओरखडे होते. आजूबाजूला सगळीकडे धूळ आणि तेलाचा थर, तेवढेच दोन स्वच्छ. आणि डबी तिच्या जुन्या जागेवरून फिरली होती. जिथे ती आधी बसलेली होती तिथे स्वच्छ धातूची एक बारीक कोर उघडी पडली होती, नखाएवढी.

"दादा?"

दिवा धरलेला त्याचा हात खाली आला. मला एकदम त्याचे फक्त बूट दिसत होते.

"तिची गाडी चालू होत नव्हती," तो म्हणाला. "आठवतं? पी लावून चावी फिरवली तरी ढिम्म. मधूनच. मला म्हणाली, बघ रे जरा. माझ्या लिफ्टवर दुसऱ्याची गाडी, गिऱ्हाईक डोक्यावर उभं. मी तिला म्हटलं, आत बस, पी लाव, चावी फिरवून धर. आणि मी खालून हात घालून बोल्ट ढिले केले आणि हा फिरवत गेलो. फिरवत गेलो, स्टार्टर लागेपर्यंत. लागला तसे बोल्ट आवळले." "सगळे असंच करतात गं. सगळी गल्ली असंच करते. पाच मिनिटांत गाडी चालू होते."

"म्हणजे तो आधी खरं सांगत होता."

"हो."

"दात बसला नाही, म्हणून गाडी चालू होऊ देत नव्हता."

"हो म्हणतोय ना! आणि मी तो पी म्हणेपर्यंत त्याला पिरगाळला!" तो ओरडलाच. समोरच्या दुकानातले दोघं वळून बघायला लागले. मग एकदम खाली आवाजात म्हणाला, "ती आतून ओरडली होती, लागली रे लागली! मला म्हणाली, डॉक्टर, तुमच्या हाताला गुण आहे."

मी रिकाम्या टायरवर बसले. दादाने बाबांचा पाय मोडला होता. त्याने स्वतःच्या हाताने, एका पान्याने. आणि दुसरीच गोष्ट माझ्या घशाशी आली.

"त्या दिवसानंतर तू एकदाही या गाडीखाली गेला नाहीस?"

"नाही."

"का?"

"आई म्हणाली ना, विसरले म्हणून."

"ती आधी काय म्हणाली होती?"

"तू तरी बघितलंस का?" त्याने विचारलं. भांडणासाठी नाही, खरंच विचारलं. गॅरेजवाल्यांचं घर आमचं, आणि त्या गाडीचं बॉनेट कुणी इंचभर उचललं नव्हतं.

"तू सांगायचंस तिला," मी म्हटलं. "आजच. उद्या ती त्या विसरभोळेपणाच्या डॉक्टरकडे जाणार आहे."

"सांगतो," तो म्हणाला, आणि तेलाच्या हातांनीच तोंड पुसलं.

आम्ही हॉस्पिटलात पोचलो तेव्हा आई बाबांच्या उशाशी बसून त्यांची नखं कापत होती. दादा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. मला वाटलं होतं, तो आडवळणं घेईल. त्याने घेतली नाहीत. झिजलेलं प्लास्टिक, सेन्सर, बोल्ट, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "आई, तू पी लावला होतास. चूक माझी आहे. बाबा, पाय माझ्यामुळे मोडला."

बाबांच्या चेहऱ्यावरचा विनोद गळून पडला. त्यांनी आधी दादाकडे पाहिलं, मग आईकडे. मी आईकडे बघत होते. मला वाटत होतं, आता ती रडेल, त्याला मारेल, किंचाळेल, काहीतरी करेल.

आई हसली. प्रेमाने, अगदी समजूतदारपणे.

"कशाला रे बाळा खोटं बोलतोस माझ्यासाठी?"

"खोटं नाही आई. मी स्वतः..."

"अरे, मला स्वच्छ आठवतंय ना. दांडा आरवर होता. माझा हात त्याच्यावर होता. पर्स पायाशी पडली म्हणून मी वाकले, आणि पुढे सारायचा राहिला." तिने नेलकटर बंद करून पर्सच्या कप्प्यात ठेवलं. "आरवर असताना तो जरा थरथरतो. ती थरथर अजून तळव्याला कळतेय मला. तू उगीच स्वतःवर घेऊ नकोस."

त्या सकाळी तिच्याजवळ पर्स नव्हतीच. ती स्वयंपाकघरात खुंटीला होती. रुग्णवाहिकेत बसायच्या आधी मीच ती तिथून काढून घेतली होती.

"आई," मी म्हटलं, "हे तुला कधी आठवलं?"

"हळूहळू आठवलं. तुम्ही सगळे म्हणत होतात ना, तसतसं आठवत गेलं."

बाहेरून ढकलगाडीची चाकं वाजत गेली. मग बाबा म्हणाले, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज मालकाचा होता, "घेऊन जा तिला. नुसतं सांगू नका. दाखवा."

ती यायला तयार नव्हती. बाबांनी दोनदा सांगितल्यावर आली. गॅरेजमध्ये दादाने गाडी लिफ्टवरून उतरवून ठेवली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि पुढचं उजवं चाक तेवढं जॅकने उचललं. आई ड्रायव्हरच्या जागेवर बसायला कचरत होती. मी दार धरून उभी राहिले. शेवटी ती बसली, पण हात मांडीवरच ठेवले.

"बोल्ट मी अजून हलवलेले नाहीत," दादा म्हणाला. "सगळं त्या दिवशी होतं तसं आहे. इंजिन बंदच राहू दे, नुसती चावी फिरव. आता पी लाव, आई."

तिने दांडा पुढे सारला.

"समोर काय दिसतंय?"

"पी."

"नक्की?"

"पी आहे रे. मला वाचता येतं."

"आता हे चाक हलता कामा नये." दादाने उचललेल्या चाकाला हात घातला आणि जोर लावला. चाक हललं नाही. कट्ट वाजलं आणि गच्च.

"बघ," आई लगेच म्हणाली. तिला सुटल्यासारखं वाटलं की काय, मला कळेना. "अडकलं की. मी म्हटलं होतं ना, मीच..."

"पुन्हा लाव," दादा म्हणाला. "डीला ने, आणि परत आण."

तिने तसं केलं. समोर पी. दादाने चाकाला हात लावला, आणि चाक गरगर फिरलं. त्याने हात काढला तरी ते थोडा वेळ आपलं आपण फिरत राहिलं. आई दारातून बाहेर वाकून त्याच्याकडे बघत होती. तिने चाक पाहिलं, काचेतलं अक्षर पाहिलं, पुन्हा चाक पाहिलं.

"परत," ती म्हणाली.

त्याने परत फिरवलं. मग तीच दांडा हलवत राहिली, आणि तो चाक. कधी अडकायचं, कधी फिरायचं, अक्षर बदलायचं नाही. किती वेळा, ते मोजायचं भान कुणाला होतं? तिचा चेहरा आधी पांढराफटक पडला आणि मग लाल होत गेला. शेवटी तिने दांडा सोडला.

"डॉक्टर," ती म्हणाली. त्याला ती लाडाने तशी हाक मारायची, पण हे लाडाने नव्हतं. "समज, मी कुणी परकी बाई आहे. तुझ्या गॅरेजात गाडी घेऊन आले. म्हटलं, पी लावला होता हो, तरी गाडी सरकली, आमच्या यांचा पाय मोडला. तू काय केलं असतंस?"

"गाडी वर घेतली असती."

"कधी?"

"लगेच."

"तिला विचारलं असतंस का, बाई, तुमचं वय किती?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग परकी असते तर बरं झालं असतं," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि तू गं? अख्ख्या गावाला शिकवतेस. घरी येऊन मला 'हो हो' म्हणालीस."

मी रडत होते. रडण्याने काही होत नाही हे कळत होतं, तरी रडत होते. दादा खाली जमिनीवरच बसला होता, चाकाला टेकून, आणि "आई, मला माफ कर" एवढंच पुटपुटत होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती आपल्या उजव्या तळव्याकडे बघत होती, त्यावर काही लागलंय का ते बघतात तशी.

"तुझा सेन्सर तू परत नीट बसवशील," ती म्हणाली. "ती रेघ आणि खाच समोरासमोर आणशील. आता मला कळतंय की मी पी लावला होता, मी डोळ्यांनी बघितलं. पण माझ्या हाताला अजून आरच आठवतोय रे. हे आता कोण काढणार?"

मी तिचा तो हात धरायला गेले, तर तिने तो काढून घेतला, आणि दार ढकलून, गुडघा सांभाळत, आपली आपण खाली उतरली.